अक्कांच्या कार्डावरचं कुंकू

अक्का माझ्या थोरल्या जाऊ. मी लग्न होऊन बेंबळीत आले तेव्हा डी.एड. झालेली होते, पण भाकरी थापायला घेतली की तिचा नकाशा व्हायचा. सासूबाईंच्या ताटात ती जायच्या आत अक्का माझ्या भाकरी मोडून स्वतःच्या दुधात कुस्करायच्या आणि त्यांनी थापलेल्या गोल भाकरी माझ्या म्हणून पुढं करायच्या. वर्षभर हे चाललं. सासूबाई गल्लीभर सांगायच्या, धाकटी शिकलेली असून हाताला लई चव हाय. मी खाली मान घालून ते ऐकून घ्यायचे. दुसरीच्या कामाचं कौतुक आपल्या नावावर गुपचूप ऐकून घ्यायची सवय मला तेव्हापासूनची आहे.

पुढं मला शाळेत नोकरी लागली. बरीच वर्षं उमरग्याला काढली आणि शेवटी धाराशिवला घर केलं. थोरले दीर बेंबळीत पिठाची गिरणी चालवायचे. ते गेले तेव्हा गावाला वाटलं, आता गिरणी बंद पडणार. तेराव्यानंतर आठ दिवसांत अक्कांनी पट्टा चढवला. पुढची कितीतरी वर्षं त्या पापण्यांवर पीठ घेऊन वावरल्या. मग खोकला धरला, गुडघे गेले, आणि त्यांनी गिरणी विकली. मुलगा पुण्याला असतो, तो काही वाईट नाही. पण गोळ्या संपल्या की सुनेला फोन करायचा आणि ती 'बघते' म्हणेपर्यंत थांबायचं, हे अक्कांना नको होतं. गिरणीचे पैसे त्यांनी तेवढ्यासाठी राखून ठेवले होते. "मरूस्तोर माझ्या गोळ्या माझ्या पैशानं," असं त्या म्हणायच्या. दुसरी कसली हौस त्यांना नव्हतीच.

ते पैसे बुडाले, आणि ते बुडायला जी वाट झाली ती माझ्या दारातून झाली.

उमरग्याचा माझा एक विद्यार्थी एक दिवस पांढऱ्या गाडीतून पेढे घेऊन घरी आला. शाळेत असताना हा पाढे म्हणायचा तेव्हा सतरा आणि एकोणीस गाळून पुढं जायचा. आता तो क्रिप्टोचं नाणं विकत होता. "बाई, हे नाणं हातात धरता येत नाही, पण जगात कुठंही चालतं," तो म्हणाला. मी पोरांना चिंचोके मोजून हिशेब शिकवलेली बाई, मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण समजलं नाही असं विद्यार्थ्यासमोर म्हणायचं कसं? मी मान हलवली. एवढंच नाही, एक-दोन शहाणे प्रश्नही विचारले.

प्रत्येक गिऱ्हाईकाला तो एक जाडसर कार्ड द्यायचा. त्यावर छापलेला काळा-पांढरा चौकोनी कोड आणि खाली बारीक अक्षरांची एक लांबलचक ओळ. नाव नाही, सही नाही, कुठं नोंद नाही. ज्याच्या हातात कार्ड त्याचं नाणं, हेच या धंद्याचं मोठेपण असं त्यानं मला समजावलं. मी पुन्हा मान हलवली.

त्याला बेंबळीला मीच घेऊन गेले. बंद गिरणीच्या ओट्यावर चाळीसेक बाया जमल्या होत्या. बोलायला उभं राहण्याआधी तो सगळ्यांदेखत माझ्या पाया पडला. त्याचं पुढचं भाषण कुणाच्या लक्षात राहिलं असेल असं मला वाटत नाही. बायांनी पाहिलं ते एवढंच, की हा बाईंच्या पाया पडणारा पोरगा आहे. "माझ्या हाताखालचा आहे," असं मी दोनदा म्हणाले. एकदा म्हटलं असतं तरी पुरलं असतं. अक्कांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ठेवू का गं?" मी म्हणाले, "ठेवा की, मीपण ठेवलेत." माझे होते पेन्शनमधले थोडेसे. अक्कांचे होते ते सगळे.

त्या दिवाळीला आम्ही नेहमीप्रमाणे बेंबळीला होतो. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळीच सगळ्यांच्या मोबाइलवर त्या पोराचा मेसेज आला, यंदा पूजेत आपलं कार्डही ठेवा. मी हसले. माझं कार्ड धाराशिवला शब्दकोशात ठेवलेलं होतं आणि मी ते तिथंच राहू दिलं. असल्या गोष्टींची मला आधीपासून चीड आहे. अक्कांनी मात्र पाट मांडला, त्यावर दिरांचा फोटो, गिरणीची जुनी वही आणि ते कार्ड ठेवलं. मग कुंकवाची वाटी माझ्यापुढं सरकवली.

"तू लाव. तू सवाष्ण हाईस."

"तुम्ही लावा अक्का. पैसे तुमचे, कार्ड तुमचं. इथं कोण बघतंय?"

"न्हाय बया. माझा हात नगं लक्ष्मीला."

मी चिडले. दिव्याची वात नीट करता करता मी त्यांना चांगलं पाच मिनिटं व्याख्यान दिलं. त्यांनी ते निमूट ऐकलं आणि वाटी आणखी दोन बोटं पुढं सरकवली. मग मी रागारागानं कुंकवात पाणी ओतलं, बोट बुडवलं आणि कार्डावर या कडेपासून त्या कडेपर्यंत मोठं ठसठशीत स्वस्तिक काढलं. माझं फळ्यावरचं अक्षर सगळ्या शाळांत नावाजलेलं होतं. चार ठिपकेसुद्धा अगदी जागच्या जागी दिले. अक्कांनी हात जोडले. "कसं गोजिरं काढलंस," त्या म्हणाल्या.

पुढच्या उन्हाळ्यात ते नाणं काढणारी कंपनी बसली. लांबच्या कुठल्या शहरात तिच्या कचेरीला कुलूप लागलं आणि आमच्या पोराचा फोन बंद झाला. बेंबळीच्या बाया काही उमरग्याला त्याच्या घरी गेल्या नाहीत. त्या एसटीनं माझ्या घरी आल्या. भांडायला आल्या असत्या तर मी तयारीत होते, मला भांडता येतं. पण त्यांनी चपला बाहेर ओळीनं काढल्या आणि खाली सतरंजीवर बसल्या. एक म्हातारी म्हणाली, "बाई, तुमी शिकविल्यालं लेकरू हाय. तुमी फोन करा, तुमचा आवाज वळखंल." मी त्यांच्यासमोर फोन लावला. बंद असलेला फोन मी तीन वेळा लावला, कारण दर वेळी त्या सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मग चहा केला. तो पिऊन त्या परत गेल्या. त्या दिवशी मी खूप रडले.

काही महिन्यांनी त्याला पकडलं. त्याची गाडी, प्लॉट वगैरे विकून जे हाती आलं ते गिऱ्हाइकांना वाटायचं ठरलं. अट एकच होती. कार्डावरचा कोड मशीननं वाचला पाहिजे, किंवा खालची ओळ तरी पूर्ण दिसली पाहिजे, कारण कुणाचं किती होतं याची दुसरी कसली नोंदच नव्हती. नाव लागत नाही याचा अर्थ तेव्हा आमच्या डोक्यात शिरला.

धाराशिवच्या एका मंगल कार्यालयात टेबलं मांडली होती. अक्का पहाटेच्या गाडीनं आल्या. कार्ड त्यांनी स्वच्छ रुमालात बांधून पोटाशी धरलं होतं. रांगेत आमच्या पुढंमागं सगळ्या बेंबळीच्याच बाया. बऱ्याच जणींनी कार्डाला कोरडं हळदीकुंकू वाहिलेलं होतं. टेबलावरची मुलगी फडक्यानं ते झटकायची, मशीन धरायची, टुक आवाज यायचा आणि बाई निघून जायची. माझं कार्ड शब्दकोशातून कोरं करकरीत निघालं होतं. टुक.

अक्कांनी रुमालाची गाठ सोडली. मी वाकून पाहिलं. ओल्या कुंकवानं छपाईची शाईच विरघळवली होती. लाल आणि काळं एकमेकांत मुरून कोडाचा चिखल झाला होता, आणि खालच्या ओळीतली निम्मी अक्षरं माझ्या स्वस्तिकाच्या पायाखाली गेली होती. त्या मुलीनं मशीन चार-पाच वेळा धरलं. कार्ड उजेडात धरून पाहिलं. कापसानं अलगद पुसून पाहिलं, तर उरलेलंही पसरलं.

"आजी, हे होणार नाही," ती म्हणाली. मुलगी वाईट नव्हती, तिलाही वाईट वाटलं असावं. तरीही तिनं विचारलं, "एवढं ओलं कुंकू लावलं कुणी?"

उत्तर माझं होतं. तोंड उघडलं की झालं, एवढंच काम होतं. पण मागं त्याच बाया उभ्या होत्या, माझ्या सतरंजीवर बसून गेलेल्या. बाईंच्या विद्यार्थ्यानं बुडवलं आणि जावेचं उरलंसुरलं बाईंनीच पुसून टाकलं, हे त्यांनी ऐकलेलं मला नको होतं. मी कार्डाकडं बघत राहिले.

"म्याच लावलं," अक्का म्हणाल्या.

त्यांच्या मोकळ्या कपाळाकडं सगळ्या रांगेनं पाहिलं. अक्कांनी कार्ड पुन्हा रुमालात बांधलं, घट्ट गाठ मारली आणि त्या बाजूला झाल्या.

बसस्थानकावर मी त्यांना म्हणाले, "अक्का, तुम्ही असं का बोललात?"

"मग काय करायचं व्हतं? तू म्हणली असतीस, म्या लावलं, तर तितंच तुला धरलं असतं समद्यांनी. तू मास्तरीण. तुला लोकांत ऱ्हायचंय. मला कोण काय म्हननार?"

पण लोक म्हणाले. दिवाळीला अक्कांनी स्वतःच्या हातानं लक्ष्मीला कुंकू लावलं ही बातमी त्यांच्या आधी बेंबळीत पोचली. पैसे थोडेच परत मिळाल्यामुळं बाया दुखावलेल्या होत्या, आणि कुणावर तरी राग काढायला हवा होता. कंपनी का बुडाली ते आता कळलं, असं एकीनं म्हटलं आणि दुसरीनं मान डोलावली. लांबच्या शहरातली कंपनी, हजार ठिकाणची गिऱ्हाइकं, आणि ती बुडाली म्हणे बेंबळीतल्या एका विधवेच्या बोटानं! असली अक्कल माझ्या वर्गात कुणी पाजळली असती तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. पण वर्गात उभं राहायची पाळी माझी होती, आणि मी धाराशिवला घरात बसून होते.

माझे पैसे खात्यावर आले तसे मी ते काढून बेंबळीला नेले. अक्कांनी पाकिटाला हात लावला नाही. "तुझं तुला मिळालं. त्यात माझं काय?" मी खूप विनवलं, शेवटी भांडले. तेव्हा त्या म्हणाल्या, "गोळ्या सून धाडती. बोलती जरा, पण धाडती." आणि त्या तिळाचं कूट करायला बसल्या. संक्रांत दोन दिवसांवर होती, म्हणून मी राहिले.

दर संक्रांतीला समोरची शेजारीण हळदीकुंकवाचं बोलावणं द्यायला यायची आणि जाताना म्हणायची, "अक्का, तुमी बी बसाया या." अक्कांना कुंकू लावत नसत, वाण देत नसत, पण त्यांची जागा भिंतीशी ठरलेली होती आणि गप्पांत सगळ्यात जास्त हशा त्याच मिळवायच्या. या वर्षी शेजारीण आली, उंबऱ्याबाहेरूनच मला म्हणाली, "बाई, संध्याकाळी या बरं का," आणि वळली. अक्का सुपातले तीळ पाखडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

संध्याकाळी मी गेले ते ठरवूनच गेले. वीस-पंचवीस बाया होत्या. माझ्या कपाळाला कुंकू लावायला शेजारीण वाकली तेव्हा मी तिचा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अक्कांच्या कार्डावरचं कुंकू मी लावलं होतं. त्या स्वतः लावायला नको म्हणत होत्या. मी लावलं, आणि त्या दिवशी रांगेत मी गप्प बसले."

मग ती फोन लावायला सांगणारी म्हातारी पदरानं डोळे पुसत म्हणाली, "बघा गं, शिकल्याल्या माणसाचं मन. जावंवरचा बोल सोतावर घेतलाय बाईंनी." सगळ्यांनी माना हलवल्या. मी पुन्हा सांगितलं, स्वस्तिक कसं काढलं, पाणी किती घातलं, सगळं सांगितलं. जितकं सांगत गेले तितक्या त्या हळव्या होत गेल्या. एकीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. शेजारणीनं ओटीत वाणाची वाटी ठेवली, वर मूठभर तिळगूळ जास्त घातला. "तुमच्यासारखी जाऊ मिळाया नशीब लागतं," ती म्हणाली.

मी घरी आले. अक्का दारातच बसल्या होत्या. मी तिळगूळ त्यांच्या हातावर ठेवला.

"सांगितलं," मी म्हणाले.

"मग?"

"कुणाला पटलं नाही."

अक्कांनी एक लाडू मोडून अर्धा मला दिला, अर्धा तोंडात टाकला. दाढ दुखत असल्यामुळं त्या तो हळूहळू चघळत होत्या.

"म्या सांगितलं तवा तर लगीच पटलं व्हतं की गं," त्या म्हणाल्या.