पिसांच्या बॅगेला अण्णाचं कापड

माझा थोरला भाऊ दत्तोजीराव याला दोन गोष्टी कधीच पटल्या नाहीत: स्वतःचं वय आणि दुसऱ्याची शिलाई. म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातल्या त्याच्या दुकानासमोरून कुणी तयार शर्ट घालून गेलं तरी हा आत बसून नाक मुरडतो. आमचं घराणं मूळचं रंगाऱ्यांचं. रंगाची भट्टी आजोबांबरोबर विझली, पण कापड चिमटीत धरलं की त्याची कुंडली कळते ही घमेंड मात्र अण्णाकडे वारशाने आली. वाट्याला आलेल्या बाकीच्या इस्टेटीपेक्षा ती बरीच मोठी आहे.

त्याची नात अमूल्या हिला लडाखमध्ये हिमबिबट्यांची पाहणी करायचं काम मिळालं. तेही ऐन हिवाळ्यात. म्हैसुरात डिसेंबर आला की अण्णा माकडटोपी घालतो, तेव्हा घरात काय आकांत झाला असेल तो समजून घ्या. तिच्या वरिष्ठ बाईंनी तिला आपली जुनी स्लीपिंग बॅग दिली होती. आतली बदकाची पिसं अजून उत्तम होती, पण वरचं कापड जागोजाग विरलेलं. अमूल्या नवीनच घेणार होती. अण्णाने ऐकलं आणि बॅग सरळ दुकानात नेली.

"मी असताना विकत? बेडा, नको! कापड तेवढं बदलायचं ना, आयतु. झालं समज."

पहिलं कापड त्याने निवडलं ते जाडजूड, जवळपास तंबूचं. थंडी म्हटलं की जाड, हे त्याचं शास्त्र. अमूल्याने ते हातात घेतलं आणि हसू दाबलं.

"ताता, ऊब कापडाची नसते. पिसं फुगली, त्यांच्यात हवा अडकली, की ऊब. एवढं जड कापड त्यांना चेपून टाकेल."

"मग कापड काय सुम्ने, उगाच शोभेला?"

"पिसांना बाहेर येऊ द्यायचं नाही, पण घामाची वाफ बाहेर जाऊ द्यायची. आणि वजन नको."

"म्हणजे आपल्या आईसारखं," मी म्हणाले. "पोरींना उंबरा ओलांडू द्यायचा नाही, पण घरातली बातमी गल्लीभर."

दुसऱ्या खेपेला तो रेनकोटचं कापड घेऊन आला. हलकं, गुळगुळीत, पीस काय, वाराही आरपार जायचा नाही. वाफेचं बोलणं त्याने कानाआड केलं होतं. बॅग कच्च्या टाक्यांनी जोडली आणि परीक्षेसाठी स्वतःच आत शिरला. कुठे, तर शिवप्रसादच्या आइस्क्रीमच्या कोल्डरूममध्ये. शिवप्रसाद त्याचं जुनं गिऱ्हाईक, त्याला नाही म्हणवेना. मी दाराशी उभी. व्हॅनिलाच्या डब्यांमध्ये आमचा अण्णा गुंडाळलेल्या चटईसारखा पडलेला, वर फक्त माकडटोपी. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "बरं वाटतंय." मग आवाज आला, "गरम होतंय." मग बराच वेळ आवाजच येईना, तेव्हा शिवप्रसादने घाबरून दार उघडलं. अण्णा घामाने निथळत होता आणि त्याच घामाने कुडकुडत होता. त्यानंतर वाफेबद्दल त्याने वाद घातला नाही.

तिसरं कापड मात्र खरंच चांगलं मिळालं. बेंगळुरूहून अमूल्यानेच नमुने आणले होते. त्यातून अण्णाने एकेक तुकडा ओठांशी धरून फुंकून पाहिला, आणि ज्यातून श्वास जेमतेम पाझरतो असं तलम नायलॉन निवडलं. करडा रंग स्वस्तात होता, पण त्याने झेंडूसारखा नारिंगी घेतला. "बर्फात पोरगी लांबून दिसायला पाहिजे," म्हणाला. त्या कापडावर पाण्याचा थेंब टाकला तर अळवाच्या पानावरून ओघळावा तसा ओघळायचा. आठवडाभर दुकानात पिसंच पिसं. लोकांचे ब्लाउज शिवून घरी गेले तेसुद्धा पिसं घेऊन. पण बॅग अशी देखणी झाली की मलाही खोड काढायला जागा उरली नाही.

अमूल्याने कौतुकाने मला थेंबांची गंमत दाखवायला वर पाणी शिंपडलं. थेंब ओघळले नाहीत. कापडाने ते पिऊन टाकले.

"ताता," ती हळूच म्हणाली, "धुतलं होतं काय?"

"धुतलं नाही. पाणी दाखवलं."

रंगाऱ्याच्या घरात कोऱ्या कापडाला पाणी दाखवल्याशिवाय कात्री लावत नाहीत. अण्णाने ते गरम पाण्यात, धुण्याचा सोडा घालून, चांगलं रगडून दाखवलं होतं. कारखान्यात चढवलेला, पाणी ओघळवणारा लेप सगळा मोरीत गेला. पिसं भिजली की त्यांचा गोळा होतो आणि ऊब जाते, हे एव्हाना आम्हा सगळ्यांना पाठ होतं. अमूल्या म्हणाली, काळजी नको, लेपाचा फवारा बाजारात मिळतो, मी मारून घेते. अण्णाने मान हलवली. त्या दिवशी तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो चामराजपुरमला माझ्या घरी आला.

"कमळे, तुझ्या फोनवरून कंपनीची एक बॅग मागव. चांगल्यातली. कुणाला सांगू नको."

"दुसऱ्याची शिलाई असते हं अण्णा. चालेल?"

"माझ्या हातनं कापड बिघडलं," तो म्हणाला. "पोरगी बर्फात निजणार आहे."

हे वाक्य ऐकायला मी लहानपणापासून टपून बसले होते. ऐकलं तेव्हा मात्र चेष्टा सोडून फोन काढला.

कंपनीची बॅग आली. निघायच्या आदल्या दिवशी अण्णाने ती अमूल्याच्या मोठ्या सॅकच्या तळाशी स्वतः कोंबली आणि वर आपली ठेवली. सकाळच्या बसने ती बेंगळुरूला गेली. एक मुक्काम मैत्रिणीकडे, मग विमान. तिला सोडून आम्ही दुकानात आलो, तर कापड बेतायच्या टेबलावर कंपनीची बॅग ठेवलेली. मी लगेच फोन लावला.

"आजी, दोन्ही ठेवल्या तर कपडे मावत नव्हते," अमूल्या म्हणाली. "मग तातांची घेतली, दुसरी रात्रीच दुकानात ठेवून आले. फवारा मारून वर तांब्याभर पाणी ओतून बघितलं, छान ओघळलं."

मला वाटलं, आता अण्णाची छाती अशी फुगेल की शर्टाची बटणं मला शिवून द्यावी लागतील.

"हुच्ची आहे काय ही!" तो ओरडला. "वेडी! कुणी सांगितलं तिला?"

"अरे, तुझी शिलाई घेऊन गेली ती. तुझी!"

"माझी शिलाई घाल चुलीत. रात्री तिचे पाय गारठले तर?"

त्याने कंपनीची बॅग काखोटीला मारली, दुकान उघडंच टाकलं आणि बसस्टँडची वाट धरली. मी शटर ओढून मागून धावले. बेंगळुरूच्या बसमध्ये तो बॅग मांडीवर घेऊन बसला होता, आणि मी दोन तिकिटं काढली. मला कुणी चल म्हटलं नव्हतं.