पाव्हणं, बसा!

आमच्या घरात दोन निवृत्त राहत होते, एक रेल्वेतले आणि एक शर्यतीतला. रेल्वेतले म्हणजे माझे वडील, आबा. शर्यतीतला म्हणजे साडेचार वर्षांचा ग्रेहाउंड कुत्रा. (पेन्शन फक्त आबांना, आणि त्यावरून कुत्र्यापुढंही तोरा!)

कुत्रा आणला मी. पाय दुखावला म्हणून मालकानं त्याला टाकून दिलेला. पुण्याच्या एक ताई अशा कुत्र्यांना कायमचं घर शोधून देतात. ते मिळेपर्यंत कुणीतरी सांभाळायचं, त्याला म्हणायचं फॉस्टर. हे घरात समजावताना माझी दमछाक झाली.

"म्हंजी आपला न्हाईच?" सुमननं, माझ्या बायकोनं, विचारलं.

"न्हाई गं. घर मिळंपर्यंत फक्त."

"मग जीव लावायचा न्हाई. नंतर तुम्हीच रडत बसाल."

"मी? आन् रडीन? कायबी बोलतीस!"

"वेटिंग रूम म्हण की सरळ," आबा म्हणाले. "दौंड जंक्शनात दुसरं काय असतंय!"

सुमननं लगेच नियम काढला, नाव ठेवायचं नाही. नाव ठेवलं की माया लागते. म्हणून आम्ही त्याला नुसतं 'पाव्हणं' म्हणू लागलो. आता आमच्याकडं पाव्हणं कुणाला म्हणत नाहीत? वाट विचारणारा पाव्हणं, गॅसवाला पाव्हणं, चुकून बेल दाबणारासुद्धा पाव्हणं! हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

शर्यतीचा कुत्रा म्हणून अख्खी रेल्वे कॉलनी बघायला आली. हा दिवाणावर चारी पाय वर करून घोरतोय!

"अवो, बरगड्या दिसत्यात त्याच्या! खायला घालता का न्हाई?" शेजारच्या वहिनी माझ्यावरच घसरल्या.

"जातच तसली हाय, वहिनी!"

"आम्हाला नका शिकवू!" म्हणत त्यांनी चतकोर भाकरी त्याच्या तोंडात कोंबली. हे रोज.

मग एका रविवारी कवठे येमाईहून सुमनचा भाऊ आला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पेढ्यांचा बॉक्स.

"या पाव्हणं, बसा!" मी तोंडभरून म्हणालो. मेहुणा चप्पल काढेपर्यंत कुत्रा दिवाणावर आडवा! मेहुणा बिचारा कडेला कसाबसा टेकला.

"सरका की पाव्हणं जरा!" मी कुत्र्याला दामटलं. उठून उभा राहिला मेहुणा!

"तसं न्हाई हो पाव्हणं, बिस्कीट घ्या," मी घाईनं बशी पुढं केली. बिस्कीट कुत्र्यानं घेतलं. बशीसकट!

"दाजी, आम्ही आलेलं चालत नसंल तर तसं सरळ सांगा," मेहुणा म्हणाला आणि पेढ्यांचा बॉक्स परत घेऊन गेला. आठ दिवस त्यानं फोन उचलला नाही. सुमननं उचललेला सूर तर विचारूच नका.

पण खरं सांगतो, त्या कुत्र्यानं मला पार गुंडाळलं होतं. कामावरून आलो की यायचा, डोकं माझ्या पोटात खुपसायचा आणि नुसता उभा राहायचा. घरात कुणी आजवर माझी एवढी वाट बघितली नव्हती. त्याला कायमचा ठेवून घ्यावा असं रोज वाटायचं. पण बोलणार कसं? नियम सुमनचा आणि फुशारकी माझी!

शेवटी ताई एका जोडप्याला घेऊन आल्या. मी मनातून खूश होतो. मेहुणा पळाला, ही पुण्याची माणसं काय टिकतात!

"या पाव्हणं, बसा!" मी मुद्दाम ओरडलो. कुत्रा दिवाणावर. "घ्या पाव्हणं, पोहे घ्या!" पोहे साफ! आता चिडतील, मग चिडतील म्हणून मी वाट बघतोय, तर त्या बाई हसून हसून खालीच बसल्या. "अहो, किती गोड आहे हा!" आणि ह्यानं डोकं त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"दादा, तुम्हालाच ठेवायचा असेल तर आत्ता सांगा," ताई म्हणाल्या. "पहिला हक्क तुमचा."

सुमननं माझ्याकडं पाहिलं. मी सुमनकडं. आबा खिडकीबाहेर. आणि दारी आलेल्याला नाही म्हणायला उभ्या जन्मात न शिकलेलं माझं तोंड बोलून गेलं, "छे छे! आधी मान पाव्हण्यांचा!"

आपलं नाव ऐकून कुत्र्यानं शेपूट हलवली. ती शेपूट आठवली की अजून मला माझी लाज वाटते.

गाडी गेली. सुमन फाटकातच उभी. "मला वाटलं, तुम्ही न्हाई म्हणाल."

"मला वाटलं, तू म्हणशील!"

"नियम माझाच, मी कसा मोडू?" म्हणत तिनं डोळ्याला पदर लावला.

"दोघंबी येडी हायेत," आबा चिडले. "मला इचारलं असतं तर मी म्हणलो असतो की!"

तीन महिन्यांनी न राहवून मी डेमू गाडीनं पुण्याला गेलो. आता त्याचं नाव हिरा. आला, माझ्या पोटात डोकं खुपसलं, क्षणभर उभा राहिला आणि मग आपल्या गादीवर जाऊन पडला.

"या पाहुणे, बसा!" बाई हसून म्हणाल्या.

मी सवयीनं बाजूला सरकलो, आता हा उठणार आणि सोफा अडवणार! त्यानं कानसुद्धा हलवला नाही. मग मी बसलो, आणि पुढं आलेलं बिस्कीटही मुकाट्यानं घेतलं. बशी तेवढी ठेवली.