खालचा उजवा कोपरा

चूक माझीच. मोजणी चुकली.

भोसरीत कारखान्यांच्या रस्त्याला एक डेअरी उघडणार होती. दहा फुटी पत्र्याचा बोर्ड. निळ्या जमिनीवर पिवळी अक्षरं : 'शुद्ध म्हशीचे दूध, दही, चक्का व श्रीखंड मिळेल.' मी खडूच्या दोरीनं रेघा मारल्या, अक्षरं पाडली, रंग भरत भरत 'मिळेल'पाशी आलो, तर त्याच्या पुढं वीतभर पत्रा शिल्लक. मोकळाच. टकलासारखा चमकत होता. दुसऱ्या कुणी शहाण्यानं तिथं म्हैस काढली असती. मला म्हैस जमत नाही. माझी म्हैस गाढवासारखी दिसते, हे बायकोनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगून टाकलेलं.

म्हणून ती जागा मी सहीनं भरली. एरवी खालच्या उजव्या कोपऱ्यात नखाएवढी करायचो. त्या दिवशी चार बोटं उंच. माझं नाव, बापाचं नाव, आडनाव. लाल रंगात. शिडीवरनं उतरलो, रस्त्याच्या पलीकडं जाऊन बघितलं. झकास. दुधाच्या आधी मीच दिसत होतो.

मालक बाहेर आला. दुसऱ्या दिवशी पूजा होती, खुशीत होता. बोर्ड वाचला, मान डोलावली. मग नजर कोपऱ्याकडं गेली. ओठ हलले. पुन्हा हलले.

"हे कोण?"

"मीच, शेठ."

"आडनाव तुझं आहे?"

"हो."

तो दोन पावलं मागं सरकला. दारातल्या माठाकडं बघितलं. सकाळपासून त्या माठातलं पाणी मी तीनदा प्यालो होतो. त्यानं गड्याला हाक मारली.

"तो माठ मागं नेऊन फोड."

गड्यानं माठ उचलला. मागनं आवाज आला. मला वाटलं आता बोर्डही उतरवतोय. पण बोर्डाकडं बघून तो म्हणाला,

"अक्षरं राहू दे. बरी झालीत. नाव तेवढं काढ."

"शेठ, सही सगळेच पेंटर करतात."

"मला दूध विकायचंय. हे नाव वाचून कोण घेईल माझं दूध?"

पहिली पाळी नुकतीच सुटली होती. सायकली थांबल्या. बघता बघता पंधरा-वीस माणसं. एकजण ओरडला, "पेंटर, आवर की राव, दूध नासंल त्याचं!" सगळे हसले. खोटं कशाला सांगू, मीही हसलो. बाकी काय करावं ते सुचलं नाही.

शिडी चढलो. टर्पेंटाइनचं फडकं आणि पातं. आडनाव आधी गेलं. मग माझं नाव. बापाचं नाव निघता निघेना. म्हातारा आयुष्यभर कुणाच्या वाटेत आला नाही. रस्त्यानं कुणी आलं की अंग चोरून बाजूला व्हायचा. पत्र्यावर मात्र चिकटून बसला. मी बापाला पात्यानं खरवडला. वीस माणसांच्या देखत. खाली जांभळा डाग राहिला.

मी उतरल्यावर मालकानं उंबऱ्यावर गोमूत्र शिंपडलं. बोर्डावर नाही शिंपडलं. त्यातला 'शुद्ध' हा शब्द माझ्याच हातचा होता. त्याला काही झालं नव्हतं.

त्या दिवशी मी नकार दिला नाही. हे आधीच लिहून ठेवतो. नाहीतर घरात गोष्ट सांगताना मी दर वर्षी थोडा थोडा शूर होत चाललोय.

आमच्या धंद्यात ती सही म्हणजे शोभा नव्हे. तीच जाहिरात. कुणाला बोर्ड करून घ्यायचा असला की तो रस्त्यातले बोर्ड बघत हिंडतो, अक्षर आवडलं की खालचा कोपरा वाचतो आणि माणूस शोधत येतो. कोपरा रिकामा म्हणजे धंदा बंद. म्हणून मी काय केलं, तर 'कमल आर्ट्स' झालो. कमळाला कोण आडनाव विचारतो? कामं दुपटीनं वाढली. पिंपरीपासून चाकणच्या रस्त्यापर्यंत कोपऱ्या-कोपऱ्यांत मी कमळ होऊन बसलो.

तोवर खोलीही मिळाली. भोसरी गावठाणात आबांची चाळ होती. सहा खोल्या, एक नळ. आबा गावातला जुना माणूस. शेती कारखान्यांत गेली आणि हा खोल्या बांधून भाडी खाऊ लागला. त्यानं विचारलं, "आडनाव काय तुजं?" मी आमच्या गावाच्या नावापुढं 'कर' जोडलं आणि मोकळा झालो. एका अक्षराचं काम नव्हतं, दोन अक्षरांचं होतं. पेंटरला त्याचं काय कौतुक?

जड गेलं ते बायकोला. मी दिवसभर शिडीवर. नळावर ती. आम्ही मराठवाड्यातले, बोलणं वेगळं, त्यामुळं बायांना विचारायला निमित्त आयतंच. आबांची सून तर पाणी भरायच्या आधी माणूस भरून घ्यायची. माहेर कुठलं. मामा कोण. एकदा विचारलं, "तुमच्यात लग्नाला देवक कुठलं पुजत्यात?" आमच्यात देवक नसतं. बौद्धाच्या घरात कुठलं देवक? हिनं हंडा खाली ठेवला, पदर सावरला आणि सांगितलं, "पंचपालवी." तिथंच कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं. घरी येऊन म्हणाली, "आज वाचले." एवढंच. पण त्या दिवसापासून ती नळावर सगळ्यांत आधी जायची आणि सगळ्यांत आधी परतायची.

आमची खोली म्हणजे तीन वर्षं श्वास रोखून बसल्यासारखी होती. दारावर थाप पडली की आम्ही एकमेकांकडं बघायचो. गावाकडचा माणूस येणार असला तर मी त्याला नाक्यावरच गाठून चहा पाजून परत पाठवायचो. सख्ख्या मावसभावाला मी पायरी चढू दिली नाही. तो पुन्हा आला नाही.

त्या वर्षांत मी कितीतरी कारखान्यांच्या फाटकावर 'जागा नाही' लिहिलं. फाटकाखाली पोरं सर्टिफिकिटं घेऊन उभी असायची आणि मी वर रंगवत असायचो. कुणी विचारायचं, "पेंटर, खरंच नाही का हो?" मी म्हणायचो, "मी फक्त रंगवतो." फार सोयीचं वाक्य. डेअरीच्या गड्यानंही माठ फोडताना मनात हेच म्हटलं असेल. आधी दुकानदार 'मिळेल'चे बोर्ड करून घ्यायचे, मग हळूहळू 'येऊ नये', 'बसू नये', 'विचारू नये'चे वाढले. मी सगळे रंगवले. झोकात रंगवले.

मग आबांनी गावाबाहेर नवी चाळ बांधली. बारा खोल्या. मला बोलावलं. ओट्यावर बसवलं, चहा दिला, कपबशीत.

"तू घरचाच माणूस हायेस. बोर्ड तूच करायचा. लिवून घे. खोल्या भाड्यानं मिळतील."

मी लिहून घेतलं.

"त्याच्याखाली लिव, चौकशीस येणाऱ्याने आधी आडनाव सांगावे."

माझी पेन्सिल थांबली.

"आबा, हे कशाला?"

"आरं, कारखान्यात कोन कुटनं येतंय, काय कळतंय का? सायबासारका पेहराव करत्यात. चाबी दिल्यावर कळतंय. मग काडता काडता दम निगतो. जात लिवायची न्हाई. कायद्याचं लफडं हुतं. आडनाव लिव, बास. ज्याला समजायचं त्याला समजतंय." आणि हसून म्हणाले, "तुज्यासारकी मानसं मिळाली पायजेत, काय?"

मी चहा संपवला. कपाच्या तळाशी साखर होती, तीसुद्धा चाटली. लाज वाटली की मला नेमकं खायचं सुचतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नव्या चाळीच्या दर्शनी भिंतीला शिडी लावली; बोर्ड भिंतीवरच रंगवायचा होता. पहिली ओळ झाली. दुसरी ओळ 'आधी आडनाव सांगावे' इथपर्यंत आली. हाताला सवय होती, डोकं लागत नव्हतं. एवढ्यात खाली सायकल थांबली. तिशीचा माणूस, खिशाला कंपनीचा बिल्ला, मागं कॅरिअरवर बायको, तिच्या मांडीवर पत्र्याची पेटी. खोली बघायलाच आलेली. माणसानं मान वर करून बोर्ड वाचला. पहिली ओळ वाचून बायकोकडं बघून हसला. मग दुसरी वाचली.

त्यानं सायकल वळवली. बायको म्हणाली, "अवो, विचारा तरी." तो म्हणाला, "चल."

मी त्याचं आडनाव विचारलं नाही. गरज नव्हती. त्याची वळण्याची तऱ्हा माझ्या ओळखीची होती. अंग चोरून. रस्त्याच्या कडेनं.

ब्रशातनं रंग गळून माझ्या पायावर पडला तेव्हा मी भानावर आलो. रंग अजून वाळला नव्हता आणि बोर्ड कामाला लागला होता. पहिला माणूस परत पाठवला होता. आणि पाठवणारा हात माझा होता. आबा तर घरी झोपले होते.

मी खाली उतरलो. विडी ओढली. खोली जाणार, हे मला दिसत होतं. काम जाणार. बायकोचा नळ जाणार. कदाचित दोन-चार दणकेही बसतील, आणि मी मार खाण्यात काही फार हुशार नाही. हे सगळं नीट मोजलं. मग लाल डबा उघडला आणि पुन्हा चढलो.

आबांच्या अक्षरांएवढीच अक्षरं काढली. माझं नाव. बापाचं नाव. खरं आडनाव. त्याखाली तालुका, जिल्हा. कमळ काढलं नाही.

आबा चारच्या सुमारास आले. काठी टेकून उभे राहिले. वाचलं. बराच वेळ वाचत राहिले. मग अगदी हळू आवाजात, घरच्या माणसाशी बोलावं तसं विचारलं,

"हे तुजं हाय?"

"माझंच. तुम्हीच म्हणालात, आधी आडनाव सांगावं. मला सांगायला तीन वर्षं उशीर झाला."

"माज्या नळाचं पानी पेलास."

"प्यालो."

"माज्या वट्ट्यावर बसलास."

"बसलो."

"पूस ते."

"नाही पुसणार."

"आरं, दुसऱ्याकडनं पुसून घीन मी."

"घ्या. मी पुसणार नाही. एकदा पुसलंय, आता पुन्हा नाही."

आबा चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते चिडले नाहीत. काठीनं मातीत एक रेघ मारली, तिच्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "दिवस बुडायला भावकी घिऊन येतो. घरी ऱ्हा."

मी घरी आलो तोवर बातमी माझ्या आधी पोचलेली. नळावर पाणी चालू होतं आणि एकही बाई नव्हती. धार नुसतीच फरशीवर पडत होती. पाची दारं लावलेली. एका दाराच्या फटीत आबांच्या सुनेचा डोळा दिसला आणि फट मिटली.

ही आत स्टोव्हला पीन मारत बसली होती. मी सगळं सांगितलं. कुठं काय लिहिलं, किती मोठं लिहिलं. सांगताना, खरं सांगतो, मला थोडा शूर वाटत होतो मी. शेवटी म्हणालो, "सामान बांध. चिखलीला एकाची शेड रिकामी आहे. ते यायच्या आत निघू."

तिनं पीन खाली ठेवली. हात पुसले. लुगड्याचा पदर खोचला, उठली आणि आमचं दार, जे तीन वर्षं आम्ही लोटून ठेवायचो, ते सताड उघडलं. बाहेर गल्लीच्या तोंडाशी माणसं जमायला लागली होती. पाच-सहा. अजून येत होती. ती उंबऱ्यातच बसली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली,

"तुमी एकडाव भित्तीवर लिवलं आन मोकळं झालाव. रोज सकाळी त्या नळावर खोटं मी बोलले. मामा बदलला, माहेर बदललं. माझ्या आईला आई म्हणायची चोरी झाली. आता सामान मी बांधणार न्हाई. आपल्याला काढायचं असंल तर का काढतोय ते आबानं बोर्डावर लिवावं, रस्त्यावरनं वाचता येईल एवढं मोठं. आन त्यो बोर्ड दुसऱ्या कुणाला देऊ नका. तुमीच रंगवा."