ओला, सुका आणि घाबरगुंडी

पर्यावरण वाचवताना माणसाला इतकं घाबरायला लागतं, हे आधी कुणी सांगितलं असतं तर आम्ही कदाचित सुरूच केलं नसतं. आमची बिल्डिंग बीड बायपासच्या आत, तीन मजल्यांची. सहा घरं, एक जिना, एक गच्ची. घंटागाडीवाल्यांनी एक दिवस मिक्स कचरा घ्यायला साफ नकार दिला आणि आम्ही सुधारायचं ठरवलं. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, प्लास्टिक बंद, पाण्याचा थेंब न् थेंब जपायचा. पुढारी दोघी. तळमजल्यावरच्या देशमुखकाकू, मूळच्या बिडकीनकडच्या. आणि वरच्या मजल्यावरच्या शबानाभाभी, घरी शिवणकाम करणाऱ्या. मी मधल्या मजल्यावरची, म्हणून दोघींचा आवाज मला पहिला ऐकू येतो. तेव्हापासून किस्से असे साठलेत की त्यांचंच खत होईल!

* * *

सुरुवात माझ्याच घरी झाली. बाल्कनीत खताची बादली ठेवली. रोज भाजीची देठं, चहाचा चोथा, वर सुकी पानं. आठवडाभर सगळं छान. मग एका सकाळी चहा ठेवायला उठले आणि पायाखाली काहीतरी मऊ लागलं.

लाइट लावला. बाल्कनीच्या दारापासून थेट गॅसच्या ओट्यापर्यंत अळ्या! करड्या, जाड, बोटाच्या पेराएवढ्या. एका रांगेत निघालेल्या, जणू त्यांना पत्ता माहीत होता. मी स्टुलावर चढले. तिथूनच काकूंना फोन लावला.

काकू आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, या तर लई चांगल्या! खत झटक्यात करत्यात. लक्ष्मी आली म्हण घरात!"

मी स्टुलावरूनच म्हटलं, "काकू, लक्ष्मी कमळावर बसते. ही माझ्या पोळपाटावर चढतेय!"

* * *

मग मी स्वयंपाकघर आवरायला घेतलं. प्लास्टिकचे डबे काढले, काचेच्या जुन्या बाटल्या धुऊन वापरात आणल्या. भांड्यांचा साबण बंद करून रिठा उकळला आणि गाळून सरबताच्या बाटलीत भरला. रंग अगदी कोकमासारखा. लेबल लावायचं उद्यावर टाकलं.

आमचे हे, म्हणजे विलास, वाळूजहून कंपनीतून आले. एप्रिलचं ऊन. बाटली दिसली, तोंडाला लावली आणि दोन मोठे घोट घेतले. मी बाहेरून आले तर हे मोरीपाशी वाकलेले, डोळे लाल, घशातून नुसती घरघर. बोलायला तोंड उघडलं की फेस! मला वाटलं फिट आली. मग ओट्यावरची बाटली दिसली आणि त्याहून जास्त भीती वाटली.

चौकातल्या डॉक्टरांना फोन लावला. "डॉक्टर, यांनी भांड्याचं... साबण... तोंडातून फेस..."

"कुठला साबण? केमिकल आहे का? बाटली घेऊन लगेच या!"

रिक्षात बसवलं. रस्ताभर मी यांचा हात सोडला नाही. डॉक्टरांनी तपासलं, बाटलीचा वास घेतला, दोन तास तिथंच बसवून ठेवलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "काही नाही, वाचलात. पोट मात्र आतून लख्ख झालं असेल!"

हे नीट झाले, पण विश्वास गेला तो गेलाच. आजही कपबशी समोर ठेवली की आधी वास घेतात आणि विचारतात, "हा चहाच आहे ना?"

* * *

जिन्याखाली सुक्या कचऱ्याची जागा. तिथं एक मोठं पोतं टांगलेलं. एका दुपारी काकूंनी पेपरची रद्दी टाकायला हात पुढं केला आणि पोत्यातून आवाज आला. फर्रर्र! फर्रर्र!

काकू शेतातल्या. साप ओळखतात. दोन पावलं मागं सरकल्या आणि ओरडल्या, "हलू नका कुणी! घोणस हाय! आवाजावरून सांगते!"

बायपासच्या मागं मोकळे प्लॉट आहेत, दरवर्षी एखादा निघतोच. त्यामुळं कुणी हसलं नाही. आम्ही जिन्यात अडकलो. खाली जायचं तर पोत्यासमोरून. भाभींनी नातीला कडेवर घेतलं आणि भिंतीला चिकटून दुवा म्हणायला लागल्या. काकूंनी घाबऱ्याघाबऱ्या काकांना फोन लावला. काका सकाळपासून गच्चीवर पाण्याच्या ड्रमपाशी काहीबाही करत होते. फोन लावला की आवाज. फर्रर्र!

"उचलंना बी हे! आन् हा मेला चवताळलाय! मी यांना फोन लावायला लागले की जास्तच फुत्कारतोय!"

त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा फुत्कार.

तेवढ्यात काका हातात काठी घेऊन वरून उतरले. "कोण ओरडतंय? आन् माझा मोबाइल बघितला का कुणी? सकाळी रद्दी बांधताना जवळच होता..."

* * *

आपल्याकडं मोसंबीला तोटा नाही. भाभींनी सालं, गूळ आणि पाणी बाटलीत भरून फरशी पुसायचं बायो-एन्झाइम करायला मोरीच्या माळ्यावर ठेवलं. बाटलीचं झाकण रोज थोडं सैल करायचं, गॅस जाऊ द्यायचा, असं त्यांना पक्कं सांगितलेलं. पण त्या बहिणीकडं लग्नाला फर्दापूरला गेल्या. मागं त्यांचे मियाँ, अन्वरभाई. त्यांना त्या बाटलीचं अस्तित्वच माहीत नव्हतं.

भाभी परत आल्या त्याच दिवशी भर दुपारी धडाम्! खिडक्यांच्या काचा थरथरल्या. वरून कुणीतरी किंचाळलं, "सिलेंडर!"

तो शब्द ऐकल्यावर माणूस विचार करत नाही. मी गॅस बंद केला की नाही ते आजही आठवत नाही. अनवाणी खाली धावले. काकू देवघरातला समईसकट देवबाप्पा पदरात घेऊन बाहेर आल्या. सगळे रस्त्यापलीकडं उभे राहून वर बघत होतो, आता आग दिसेल, मग दिसेल. मागून भाभी आल्या, अख्खा जिना उतरून, धापा टाकत, छातीशी शिलाई मशीन धरून!

मी विचारलं, "भाभी, अन्वरभाई कुठंत?"

भाभींचा चेहरा पांढराफटक पडला. वर बघतो तर अन्वरभाई बाल्कनीत उभे, कमरेला टॉवेल, केसांना साबण आणि अंगभर मोसंबीची सालं.

"शबाना! मुझे छोड़ के मशीन उठा के भागी?"

भाभी खालून म्हणाल्या, "मशीन नयी है जी!"

* * *

सगळेच किस्से हसायचे नाहीत. घंटागाडीवर संगीता असते, पंचविशीतली पोरगी. एका सकाळी आमच्या ओल्या कचऱ्याची बादली उलटी करताना ती एकदम "आई गं!" म्हणाली. तळव्यात इन्सुलिनची सुई घुसली होती.

आमच्या बिल्डिंगमधल्या तीन घरांत इन्सुलिन घेतात. सुई कुणाची, हे कुणी विचारलं नाही. विचारायची कुणाची छातीच झाली नाही. मी स्कूटी काढली, काकू मागं बसल्या, संगीताला मधे घेतलं आणि दवाखाना गाठला. डॉक्टरांनी रक्त घेतलं, इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "काही आठवड्यांनी पुन्हा तपासू. तोवर नक्की सांगता येणार नाही."

बाहेर बाकड्यावर संगीता हाताकडं बघत बसली होती. हळूच म्हणाली, "ताई, लेक अजून अंगावर पिती माझी. पाजू का नको?"

काकूंनी तिचा हात आपल्या हातात घेतला. आत जाऊन डॉक्टरांना मीच विचारलं. पाजा, म्हणाले ते. तरी ते आठवडे आमचे कसे गेले ते आम्हालाच ठाऊक. घंटागाडीचं गाणं वाजलं की मी बाल्कनीत धावायचे. संगीता खाली उभी दिसली की जीव भांड्यात पडायचा, आणि तिच्या नजरेला नजर देता यायची नाही.

शेवटचा रिपोर्ट चांगला आला. संगीतानं स्वतः येऊन सांगितलं आणि काकूंनी तिला दारातच जवळ घेतलं.

देशमुखकाका कुणाशी फार बोलत नाहीत. त्यांनी दरम्यान एक जाड डबा आणून जिन्यात ठोकला होता. फक्त सुयांसाठी. त्यावर धोक्याची खूण म्हणून स्वतः लाल रंगानं कवटी काढलेली. टक्कल, खोल गेलेले डोळे, पुढं आलेले दात. संगीतानं ती निरखून बघितली.

"काका, फोटो काढायला तुम्हीच बसले व्हते का?"

काका आयुष्यात पहिल्यांदा जिन्यात उभे राहून हसले.

* * *

आणि हा गेल्या उन्हाळ्यातला. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, तेही आलं तर. गच्चीच्या दाराशी निळे ड्रम भरून ठेवलेले. आरओचं वाया जाणारं पाणी, भाज्या धुतलेलं पाणी, सगळं तिथं. काकूंचा त्यावर असा पहारा की झाडांना घालायचा मगसुद्धा त्यांना विचारून उचलायचा.

भाभींची नात, झोया, चार वर्षांची. पाण्याची वेडी. त्या दिवशी तिला खोकला होता, म्हणून भाभींनी तिला सकाळीच पाण्यातून ओढून काढून दटावलं होतं. दुपारी टँकर आला, गेट उघडलं, सगळे पाइप धरायला धावले. टँकर गेला आणि भाभी जिन्यात आल्या.

"झोया तुमारे घर में है क्या?"

नव्हती. काकूंकडं नव्हती. कुणाकडंच नव्हती. गेट सताड उघडं. अन्वरभाई चप्पल न घालता बायपासच्या दिशेनं पळत सुटले. मी पलंगाखाली बघितलं, मोरीत बघितलं, पुन्हा पलंगाखाली बघितलं. मग वरून काकांची हाक आली.

गच्चीवर ड्रमशेजारी झोयाची एक चप्पल पडली होती. गुलाबी. आणि एका ड्रमचं झाकण बाजूला सरकलेलं.

काकांनी खांद्यापर्यंत हात आत घातला. पाणी गढूळ, तळ दिसेना. हात तळाला पुरेना. भाभी दारात उभ्या होत्या. पुढं यायला तयार नाहीत, मागं जायला तयार नाहीत. तोंडावर ओढणी गच्च दाबलेली. काकांनी वळून काकूंकडं बघितलं आणि थांबले. एवढं पाणी!

काकू किंचाळल्या, "बघता काय? ओता! सगळं ओता!"

आम्ही तिघांनी मिळून ड्रम आडवा केला. पाणी धबाधबा जिन्यातून खाली कोसळलं. आत काही नाही. दुसरा ओतला. काही नाही. तिसरा काकूंनी एकटीनं लोटला, कुठून ताकद आली कुणास ठाऊक. साठवलेलं सगळं पाणी पायऱ्यांवरून तळमजल्याकडं चाललं होतं आणि आम्ही रिकाम्या ड्रममधे डोकं घालून बघत होतो.

तेवढ्यात खालून आवाज आला. रडका, चिडका, खोकणारा.

आम्ही पडत-धडपडत उतरलो. जिन्याखाली सुक्या कचऱ्यात फ्रिजचं एक मोठं खोकं होतं. पाणी त्याच्या बुडाशी पोचलं होतं. खोकं हललं, झाकण उघडलं आणि आतून झोया उभी राहिली. झोपेतून उठलेली, फ्रॉक दोन्ही हातांनी वर धरलेला.

भाभी तिच्यापर्यंत पोचायच्या आधीच ती कमरेवर हात ठेवून ओरडली,

"दादी, तुमीच बोले ना आज सूखी रह करके! मैं सूखे में बैठी थी! फिर पानी कौन फेंक रहा?"