धनराजच्या दंडावरचा पट्टा

धनराज गेल्याचं कळलं तेव्हा मी एका म्हातारीच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळत होतो. राइस मिलमधला हमाल सायकलीवरून उतरलाही नाही, एक पाय दवाखान्याच्या पायरीला टेकवून म्हणाला, "कंपाउंडरभाऊ, धनराजभाऊ गेले. सकाळी चहा घेतला, अन् गेले." मी म्हातारीचं बीपी मोजलं, आकडा सांगितला आणि ती गेल्यावर लक्षात आलं, की काय सांगितलं ते मलाच आठवत नाही. त्याला आता दीड महिना झाला. तुमसरच्या बाजारात लोक भेटतात, म्हणतात, तुम्ही किती केलं धनराजचं! मी मान खाली घालतो. त्यांना ते दुःख वाटतं. दुःख आहेच... पण मान खाली जाते ती लाजेनं.

आम्ही दोघं एका गावचे, एका शाळेतले. मी डॉक्टरांकडे कंपाउंडर झालो, तो मिलमध्ये धान पारखायला लागला. धानाची गाडी आली की हा पोत्यात लोखंडी परखी खुपसायचा, तिच्या खोबणीतून आलेला एक दाणा दाढेखाली धरायचा आणि आवाजावरून ओल सांगायचा. साकोलीकडचे व्यापारीसुद्धा त्याच्या दाढेपुढे वाद घालत नसत. वरच्या एका पोत्यावर तो कधी भागवत नसे. खालचं, मधलं, कोपऱ्यातलं, सगळीकडे परखी घालणार. त्याच्या सदऱ्याच्या खिशात कायम धान असे. दवाखान्याच्या बाकावरून उठला की मागे दोन-चार दाणे सांडलेले. मी झाडताना त्याच्या नावानं बोटं मोडायचो.

सन अठ्ठ्याहत्तरच्या सुमारास त्याला मिलमध्ये चक्कर आली आणि बीपी निघालं. पण ते एका जागी टिकेना. सकाळी एकशे चाळीस, दुपारी एकशे नव्वद, संध्याकाळी पुन्हा खाली. आजारापेक्षा धास्तीच मोठी झाली. मनगटावर बोट ठेवून तो तासन्‌तास बसे. भाच्याच्या लग्नाला साकोलीला निघालेला माणूस छाती धडधडते म्हणून वाटेतच बसमधून उतरला. वहिनी त्याला बिनमिठाची पेज द्यायच्या, तो ती मुकाट्यानं प्यायचा. मिलमधले लोक चिडवायचे, "धनराजभाऊ, आज पारा कुठवर चढला?" त्या हसणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढे. दिवसातून तीनदा तो दंड उघडा करून माझ्यासमोर बसायचा. मी म्हणे, "सकाळीच तं मोजलं बे!" तो म्हणे, "एकदा मोजून काय समजते? वरचं एक पोतं पाहून मी गाडी घेतो काय?" त्याचं बरोबर होतं. मला ती अक्कल नव्हती.

एके दिवशी डॉक्टर नागपूरला गेले होते. धानाची कापणी संपलेली, तापाचे रोगी व्हरांड्यापर्यंत. धनराज तिसऱ्यांदा आला. माझं डोकं फिरलं. मी पट्टा गुंडाळला, रबरी फुगा दोनदा नुसता दाबल्यासारखा केला, पाऱ्याकडे पाहिलंही नाही आणि म्हणालो, "एकशे तीस, ऐंशी. जा आता." त्याचा चेहरा असा उजळला... पायरीवर थांबून म्हणाला, "मंग आता गोळी कायले खाऊ? डोकं जड होते तिनं." मी बाटलीत मिक्श्चर ओतत होतो. मला स्वच्छ ऐकू आलं. मी वर पाहिलं नाही.

पुढे मी स्वतःची समजूत घातली, की डॉक्टरच म्हणतात ना, काळजीनं चढतं, मग त्याच्या भल्यासाठीच खोटं बोललो. ते साफ खोटं. मला तो बाकावरून उठायला हवा होता, एवढंच. अकरा दिवस तो आला नाही आणि मला सुटल्यासारखं वाटलं. बाराव्या दिवशी गाडीपाशी उभा असताना त्याच्या तोंडातून दाणा गळून पडला. लकवा. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या का थांबवल्या? धनराजनं माझ्याकडे पाहिलं आणि वाकड्या तोंडानं म्हणाला, "मीनंच थांबवल्या, साहेब." गोळी घेऊनही झालं असतं कदाचित, असं डॉक्टर म्हणाले. त्या 'कदाचित'ला मी वर्षानुवर्षं धरून बसलो.

हात-पाय हळूहळू सुधारले, तोंडाची उजवी बाजू मात्र मेलेलीच राहिली. डाव्या दाढेनं दाणा पारखू लागला, पण जमेना. "लाकूड चावल्यावानी लागते बे," म्हणाला. मालकानं त्याला फाटकावर बसवलं. तिथून तो सहा वर्षं रोज माझ्याकडे यायचा, आणि मी पट्टा इतका आवळायचो, की तो ओरडे, "दंड तोडतं काय!" त्या सहा वर्षांतल्या कुठल्याही दिवशी मला सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

तेरवीला पंगत उठल्यावर वहिनींनी मला बाजूला बोलावलं. "भाऊजी, त्या दिवशी पट्टा आवळलाच नव्हता. त्याईले मालूम होतं."

मी विचारलं, "मग गोळी काहून सोडली?"

"तुमच्या तोंडून आकडा आयकून लय दिवसांनी बरं वाटलं म्हने. खरा असन, असंच वाटू देलं त्याईनं. मले म्हनत, त्याले कधी सांगू नोको, लाज वाटन त्याले. पन मी सांगून राहिली, भाऊजी. मले नाही राहवत."

काल यंत्राची पेटी पुसत होतो. पट्टा ठेवायच्या कप्प्याच्या कोपऱ्यात धानाचा एक दाणा अडकलेला होता. कधीचा, कोण जाणे. मी तो काढला आणि दाढेखाली धरून दाबला. आवाज झाला. ओला होता की वाळलेला, मला काही कळलं नाही.