बेचिराख गावचं माहेर

आज आखाजी, आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया. धुळ्यातल्या या गल्लीत सकाळपासून लिंबाच्या फांदीला झोका आहे, सासरहून आलेल्या लेकी त्यावर आळीपाळीनं चढताहेत, आणि शेजारच्या घरातून खापरावरच्या पुरणपोळीचा वास माझ्या खोलीपर्यंत येऊन पोहोचला आहे. वैशाखातली दुपार. भिंती तापल्या आहेत. मी एका पत्रकाचा मजकूर लिहीत बसलो होतो, आणि त्या पुरणाच्या वासातून दुसरा एक वास बारीक धाग्यासारखा निघून आला. तिळाच्या तेलात भिजून जळणाऱ्या वातीचा. मी उठलो. घरमालकांच्या देवापाशी जाऊन पाहिलं. समई कोरडी होती. त्यांच्याकडे आता विजेचा दिवा आहे, आणि समई लागते ती तिन्हीसांजेला. जिन्याखाली पाहिलं, शेजारच्या ओसरीवर डोकावलं. भर दुपारी दिवा लावील कोण? कुणीही लावला नव्हता. परत येऊन बसलो, टाक उचलला, आणि वास तसाच.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. त्याविरुद्ध मी पत्रकं काढलेली आहेत, बाजाराच्या दिवशी वाटलेली आहेत, आणि त्यापायी एकदा धोंडेही खाल्ले आहेत. ‘जे दिसत नाही ते नाही,’ असं एका पत्रकाचं मथळ्याचं वाक्यच होतं. तेव्हा हे वाचणाऱ्या समविचारी मित्रा, माझी कीव करू नकोस. फक्त ऐक. दर आखाजीला दुपारी हा वास येतो, आणि तो कुठून येतो हे मला, दर वेळी आधी समई पाहून आलो तरी, चांगलं ठाऊक आहे.

युद्ध सुरू व्हायच्या आधीची दोनतीन वर्षं मी साक्रीकडच्या एका खेड्यात प्रौढांना वाचायला शिकवत होतो. प्रौढ हा आपला कागदावरचा शब्द. गावात त्या वर्गाला ‘म्हातारी शाळा’ म्हणत, आणि ते खरंच होतं. दात गेलेले, गुडघे गेलेले, नातवंडांची पाटी उसनी आणणारे माझे विद्यार्थी होते. आयुष्यभर आंगठा उठवून झालेली माणसं. त्यांनी अक्षर धरलं की मला वाटे, सरकारच्या एका तिजोरीचं कुलूप आज निखळलं. पण नुसत्या पाटीवर भागत नाही हे माझ्या लवकर ध्यानात आलं. धड्यात ‘आगगाडी’ आली की म्हातारे मान डोलावत, पण डोळ्यांपुढे काही येत नसे. मग मी पाहणी सुरू केली. महिन्यातून एक दिवस बैलगाड्या जुंपायच्या, शिदोऱ्या बांधायच्या आणि वाचलेली वस्तू डोळ्यांनी पाहून यायची. लांबचा पल्ला पत्करून आम्ही स्टेशनवर गेलो आणि फलाटावरची पाटी सगळ्यांनी एका सुरात वाचली. पोर्टर हसला, त्याच्यावर मी संतापलो. आम्ही कचेरीत गेलो, आणि ज्या मेजावर आपले आंगठे घेतले जातात ते मेज किती लहान असतं ते पाहिलं. परतताना गाडीत जो तो पाहिलेलं पुन्हा सांगायचा, आणि प्रत्येकाच्या सांगण्यात इंजिन थोडं मोठं होत जायचं.

या वर्गात दोन माणसं अशी होती की त्यांच्यावाचून गाडी जुंपली जात नसे. एक नाना. गाडी त्यांची, बैल त्यांचे, आणि जीभही त्यांचीच. दुसरी अक्का. नानांच्या भावकीतल्या घरची विधवा, मूल ना बाळ, पुतण्यांच्या ओसरीच्या टोकाला राहणारी. बोलायची कमी. अक्षर मात्र असं घोटायची की पाटीला खळगे पडतील.

एके संध्याकाळी मी माझ्याच एका पत्रकातलं वाक्य फळ्यावर लिहिलं. ‘परक्या राज्याने हा देश बेचिराख केला!’ उद्गारचिन्ह चांगलं ठसठशीत काढलं. अक्कानं बोट नाचवत एकेक अक्षर लावलं. बे, चि, रा, ख. आणि ती थांबली. तिच्या चेहऱ्याकडे पाहून सगळा वर्ग थांबला.

“मनं माहेर बेचिराख शे,” ती म्हणाली.

मला वाटलं, बाई अलंकारिक बोलते आहे. तसं नव्हतं. ज्या गावात एकही माणूस उरला नाही, त्या गावापुढे महसुलाच्या दप्तरात ‘बेचिराख’ लिहितात. चिराग म्हणजे दिवा. जिथे दिवा लागत नाही ते बेचिराख. मी तो शब्द तोफेसारखा वापरत आलो होतो. या माणसांना तो एका ओसाड पांढरीचा पत्ता होता. नानांनी टांगलेल्या कंदिलाकडे बोट केलं. “मंग हाऊ कंदील काय शे, मास्तर? देश बेचिराख, आनि आपली ओसरीवर उजेड!” सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरानं. अक्का हसली नाही. ती अजून त्या शब्दापाशीच होती.

“एक दिवा लावा, का ते बेचिराख नही,” ती म्हणाली. “बरोबर शे ना, मास्तर?”

“वाचाले शिकनी आनि म्हातारी वकील व्हयनी!” नाना म्हणाले.

मागाहून मला सगळं कळलं. मागच्या युद्धाच्या अखेरीस मानमोडीच्या तापाची साथ आली, तीत तिचं माहेर आठपंधरा दिवसांत ओस पडलं. उरले ते गुजराथच्या वाटेला लागले आणि कुठे गेले ते कुणाला कळलं नाही. माणसं मरत होती तेव्हा त्या गावात औषधाची एक बाटली आली नाही, एक कारकून आला नाही. सगळं संपल्यावर आला, आणि एक शब्द लिहून गेला. माझी त्या राज्याबद्दलची सगळी चीड त्या एका शब्दात मावते. पण अक्काची तक्रार राज्याविरुद्ध नव्हती. तिचं दुःख असं होतं की मानमोडीपासून तिला आखाजी नव्हती. आपल्या खानदेशात आखाजीला लेक माहेरी जाते, आणि त्याच दिवशी मेलेल्यांच्या नावानं घागर भरतात. म्हणजे लेकीही येतात आणि गेलेलेही येतात. गाव झोक्यांवर चढे तेव्हा ही बाई ओसरीच्या टोकाला भांडी घाशीत बसे. सासरची माणसं वाईट नव्हती, पण बेचिराख गावात बाईमाणसानं पाऊल टाकायचं नाही, गेलेले परत सोडत नाहीत, हे ठरलेलं होतं. तिला मरायच्या आत एकदा, फक्त एकदा, आखाजीला माहेरी जायचं होतं.

मला मात्र आखाजीचा राग होता, तो जुगारामुळे. त्या दिवशी सगळ्या गावाला पत्ते कुटायची जणू सनदच मिळते. म्हणून मी मुद्दाम आखाजीच्याच दिवशी भामेरची पाहणी ठरवली. किल्ला, डोंगरात कोरलेली लेणी, आणि वर उभं राहून ‘आपलं राज्य’ या विषयावर माझं व्याख्यान. उजाडताच गाड्या निघाल्या. उन्हं तापली तेव्हा आम्ही एका फाट्याशी आलो. डावीकडे पळसांच्या खोडांतून एक वाट गेली होती. वाट कसली, वाटेची आठवण.

“मास्तर,” अक्का म्हणाली, “हाई वाट मना माहेरनी शे.” तिच्या मांडीवर एक गाठोडं होतं. तेव्हा कळलं, ती किल्ल्यासाठी गाडीत बसलेलीच नव्हती.

गाडीत कुजबूज झाली. एक म्हातारी म्हणाली, “तठे कोन्ही जात नही, माय. जे गयात त्या परत वनात नहीत.” मी सभेचा माणूस. म्हटलं, मत घेऊ, हात वर करा. एकही हात वर आला नाही, अक्काचासुद्धा नाही. ती नुसती वाटेकडे पाहत होती. तेव्हा नाना खाली उतरले. “मत घेवानं व्हई ते बैलसनं बी घ्या,” ते म्हणाले, “उन्हामा त्याच चालतस.” बैलांनी केव्हाच डावीकडे सावलीला तोंडं वळवली होती. “दखा, दोन मतं पडनीत,” म्हणून नानांनी कासरा डावीकडे ओढला.

गाव म्हणजे मातीचे उंचवटे. भिंती पावसानं विरघळून गुडघ्याएवढ्या झाल्या होत्या. मधोमध एक लिंब, त्याच्या आडव्या फांदीला झोक्याच्या दोराचे जुने वण. अक्का पुढे, आम्ही मागे. प्रत्येक उंचवट्यापाशी ती क्षणभर थांबे, डोक्यावरचा पदर सारखा करी आणि कुणाला तरी मान लववी. काकाच्या घरापाशी पायात चप्पल नको म्हणून तिनं ती काढून हातात घेतली. त्या तापल्या मातीवर तिच्यामागून आम्हीही अनवाणी झालो. का, ते मला आजही सांगता येणार नाही. एका जागी, जिथे फक्त उंबऱ्याचा एक दगड उरला होता, तिथे ती उभी राहिली. आत पाऊल टाकीना.

मी म्हटलं, अक्का, चला आत. ती हलली नाही. ऊन डोक्यावर. मग नाना माझ्या कानाशी लागले. माहेरी आलेली लेक अशी आपणहून आत जात नाही. माहेरच्या कुणीतरी तिच्यावरून भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकावं लागतं. मी म्हटलं, मग ओवाळा तुम्ही. नाना मागे सरले. ते सासरचे, गाडीतले सगळेच सासरचे. सासरच्यांचा हात या उंबऱ्यावर चालत नाही. आणि माहेरचं पृथ्वीच्या पाठीवर कुणी नव्हतं. त्या घोळक्यात सासरचा नसलेला माणूस एकच होता.

अक्का वळली. आजवर मला ती ‘मास्तर, तुम्ही’ म्हणे.

“भाऊ,” ती म्हणाली, “तुकडा ओवाळ ना. कव्हयनी उभी शे मी.”

असल्या ओवाळण्यांविरुद्ध मी एक अख्खं पत्रक लिहिलेलं आहे. छापील, दोन्ही बाजूंना. मी माझ्या शिदोरीतल्या भाकरीचा तुकडा मोडला, फिरकीच्या तांब्यातून ओंजळीत पाणी घेतलं, तिच्या पांढऱ्या डोक्यावरून फिरवलं आणि तुकडा पाठीमागे टाकला. तो पडल्याचा आवाज मला आला नाही. माती भुसभुशीत होती, एवढंच त्याचं कारण असावं.

मग ती आत गेली. गाठोड्यातून पणती काढली, बाटलीतलं तेल ओतलं, एका उरल्यासुरल्या कोनाड्यात ठेवून काडी ओढली. आणि आम्हाला काहीच दिसेना. वैशाखातलं ते पांढरं ऊन थेट कोनाड्यात पडलं होतं, त्यात ज्योत विरघळून गेली. लागला की नाही लागला? म्हातारे एकमेकांकडे पाहू लागले. अक्कानं पणतीवर तळवा धरला आणि झटकन मागे घेतला. तेवढ्यात वास आला. तिळाच्या तेलात जळणाऱ्या वातीचा.

दिवा फुंकून विझवायचा नसतो, आणि लावून टाकून जायचाही नसतो. ती म्हणाली, “तुम्ही किल्ला दखी या. मी बठसू.” आम्ही गेलो. लेण्यांतल्या गारव्यात म्हाताऱ्यांनी शिदोऱ्या सोडल्या. वर गेल्यावर मी व्याख्यान सुरू केलं, पण सगळ्यांची तोंडं खाली दरीकडे होती. नाना कपाळावर हात धरून म्हणाले, “दखा, दखा. लागेल शे.” एकेक करून सगळ्यांना दिसला. फाट्यावर भ्यायलेली ती म्हातारी बोट दाखवत होती, मोतीबिंदू झालेला एक आबासुद्धा मान हलवत होता. मला दिसला नाही. मी डोळे ताणताणून पाहिलं. नुसतं ऊन होतं.

उतरत्या उन्हात परत आलो तेव्हा अक्का लिंबाखाली बसली होती. दिवा शांत झाला होता. तिला गाडीत चढवताना माझ्या ध्यानात आलं की तिची शिदोरी आमच्याबरोबरच किल्ल्यावर जाऊन आली, गाठ न सुटता. नानांनी विचारलं, “जेवनी का, अक्का?” ती जरा रागावलीच. “माहेरले वनी, आनि उपाशी जासू का?”  मग वाटभर ती गाणं गुणगुणत होती, झोक्यावरचं.

त्याच वर्षीच्या थंडीत, मी चार दिवस धुळ्याला आलो होतो तेव्हा, नाना माझ्या दारात उभे राहिले. पागोटं काढून हातात घेतलेलं. “मास्तर, तुम्हनी बहीन गयी. माहेरनं लुगडं पाहिजे.” माहेरचं वस्त्र अंगावर पडल्यावाचून बाईला उचलत नाहीत. गाव खोळंबलं होतं. मी खोलीत फिरलो. लुगडं कुठून असणार? मी कातलेल्या सुताचं एक कोरं धोतर तेवढं पेटीत होतं. ते पुढे केलं तेव्हा मला लाज वाटली. नानांनी ते बोटांनी चाचपलं. “माहेर बेचिराख, भाऊ फकीर,” ते म्हणाले. “चालस धोतर. द्या.” मी म्हटलं, देतो कशाला, मी येतो. आणि ते मी माझ्या हातानं तिच्यावर पांघरलं.

त्यानंतर बरंच काही झालं. मी तुरुंगात गेलो, आलो. म्हातारी शाळा मोडली. नानाही आता नाहीत. राज्य जाईल, जायलाच हवं, आणि ज्या दिवशी जाईल त्या दिवशी मी रस्त्यात नाचेन. पण त्या दप्तरात त्या गावापुढे तो शब्द तसाच राहील, कारण कचेरी दुपारचे दिवे मोजत नाही. मला आता तो शब्द लिहिता येत नाही. आजच्याही मजकुरात जागा होती, उद्गारचिन्हासकट. टाक तिथे थांबला आणि वास आला.

कुणी विचारलं तर आता मी सांगतो, त्या गावचा एक माणूस उरलेला आहे, तो धुळ्यात पत्रकं लिहितो. म्हणून मघाशी उठून मी एक घागर भरून ठेवली, उंबऱ्याच्या आत. लेकी झोक्यावरून उतरून घरोघर जेवायला गेल्या आहेत. गल्ली रिकामी आहे. दारात पांढरं ऊन पडलं आहे, आणि त्या उन्हात काही दिसत नाही. पण दिसत नाही म्हणजे नाही, हे छापलेलं वाक्य माझं असलं, तरी आज मी त्याच्यावर सही करणार नाही.