प्रभुणेसाहेबांचं नॉर्मल

पळस्प्याच्या हॉटेलात वेटरने "पाणी थंड की नॉर्मल?" असं विचारलं, की प्रभुणेसाहेब मेनूकार्डावरून नजर न उचलता म्हणायचे, "नॉर्मल. आमच्याकडे सगळं नॉर्मलच असतं." मग आम्ही हसायची वाट बघायचे. आम्ही हसायचो. तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात ते सेफ्टी ऑफिसर होते आणि मी लॅबमध्ये, त्यांच्या हाताखाली. नऊ वर्षं मी त्या माणसाच्या विनोदांना हसले, याची मला अजून लाज वाटते.

हा एक शब्द त्यांना सगळीकडे पुरायचा. बाळंतपणाच्या रजेवरून मी परत आले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "नॉर्मल ना?" सिझेरियन म्हटल्यावर त्यांनी असं तोंड केलं, जणू मी परीक्षेत नापास झाले होते. स्टोअरमधल्या सुनंदाचा नवरा गेला होता. काही महिन्यांनी ती लाल साडी नेसून आली, तर भर कॅन्टीनमध्ये म्हणाले, "जरा नॉर्मल राहत जा." ती साडी तिने पुन्हा कधी कामावर नेसली नाही.

हवेतल्या वायूचं रीडिंग जास्त आलं की ते शांतपणे सांगायचे, "शुभदा, एक्झॉस्टचे पंखे लावा. वीस मिनिटांनी पुन्हा घ्या." दुसरं रीडिंग कमी यायचंच. "बघा, नॉर्मल. हेच लिहा." मी लिहायचे. पहिल्यांदा हात अडखळला होता, नंतर तोही अडखळेनासा झाला.

प्लांटवर म्हात्रेकाका होते, जवळच्याच गावातले. यंत्राआधी त्यांच्या नाकाला कळायचं. "मॅडम, तुमचा मशीन काय पन बोलू दे, वास येतंय," असं ते मला कितीदा तरी सांगून गेले.

एका दुपारी टाकीजवळचा व्हॉल्व्ह गळायला लागला. श्वासाचा मास्क स्टोअरमध्ये होता, आणायला पाच मिनिटं लागली असती. म्हात्रेकाका म्हणाले, "साहेब, मास्क येऊ दे, मंग जातो."

"अहो, सकाळचं रीडिंग नॉर्मल आहे. जा, बंद करून या."

सकाळचं रीडिंग मीच लिहिलं होतं, पंखे लावल्यानंतरचं. मी तिथेच उभी होते आणि गप्प राहिले. म्हात्रेकाका आत गेले. व्हॉल्व्ह त्यांनी बंद केला, पण बाहेर आणलं ते दोघांनी ओढत. जीव वाचला. फुप्फुसं मात्र कायमची गेली. आता चार पावलं चालले की ते थांबतात.

चौकशीत मी सगळं सांगितलं. अधिकाऱ्यांनी नोंदवही माझ्यापुढे सरकवली. "हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

शेजारी बसलेले प्रभुणे हळहळल्यासारखे म्हणाले, "साहेब, समजून घ्या. या प्रकारानंतर त्या बिचाऱ्या नॉर्मल नाहीत."

चौकशी तिथेच संपली. पुढच्या वर्षी ते शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झाले. मी त्याआधीच नोकरी सोडली होती.

गेल्या महिन्यात ते वारले. मला कळलं ते म्हात्रेकाकांच्या फोनवरून. काकांना सुकापूरला प्रभुण्यांच्या घरी भेटायला जायचं होतं आणि एकट्याने जमत नव्हतं.

"तुम्ही कशाला जाताय काका? त्या माणसाने तुमचं काय केलं ते विसरलात?"

"नाय इसरलो. पन मानूस गेला ना मॅडम. जावा लागतं."

मी त्यांना स्कूटरवरून नेलं, पण वर गेले नाही. त्या घरात तोंडदेखलं हळहळणं मला शक्य नव्हतं. म्हात्रेकाका लिफ्टने वर गेले आणि दहा मिनिटांत खाली आले. पार्किंगमधल्या कट्ट्यावर बसून बराच वेळ श्वास गोळा करत राहिले.

"काय म्हणाल्या त्यांच्या बाई?"

"इचारत व्हती, तुमी कोन? नाव सांगितला, तरी वलखला नाय. पोरानं पन नाय." ते थांबले, पुन्हा दम घेतला. "घरात त्यानं माझा नाव कंदी काढलाच नाय वाटतं."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"बोललो, कंपनीतला हाय."

प्रभुणे जिवंत असताना मला त्यांचा इतका राग कधी आला नव्हता. मी काकांना तिथेच बसवलं आणि लिफ्टचं बटण दाबलं.